अध्याहृत पाऊल : लंबवर्तुळी व्यायामयंत्राविषयी थोडेसे



स्मृतिव्याख्यानाच्या पुस्तिकेत व्यायामाच्या यंत्रावर लेख, आणि तोही मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाचा, हे पाहून काहींच्या भुवया उंचावतील. परंतु आनंद नगरच्या या परिसरात माझ्या वयाची मंडळी भेटली की बोलण्यात एक विषय हटकून निघतो, आणि तो म्हणजे गुडघे. गुडघा दुखू लागला की सकाळचे फिरणे सुटते. फिरणे सुटले की वजन वाढते, दम लागतो. आणि मग बाजार, देऊळ, मित्राचे घर ही सगळीच ठिकाणे हळूहळू दूर जाऊ लागतात. म्हातारपणी परावलंबन येते ते बहुधा या वाटेने. ज्यांचे चालणे असे सुटत चालले आहे, त्यांना उपयोगी पडू शकणाऱ्या एका साधनाची ओळख करून देणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

या साधनाला इंग्रजीत ‘एलिप्टिकल’ म्हणतात. आपल्याकडील व्यायामशाळांत ‘क्रॉस ट्रेनर’ हे नाव अधिक रूढ आहे. अमेरिकेतील प्रीकॉर या कंपनीने १९९५ साली ते बाजारात आणले आणि थोड्याच वर्षांत ते जगभर पसरले. दोन लांब दांडे, त्यांवर पाऊल ठेवण्याच्या पट्ट्या, एक जड चाक आणि हातांनी मागेपुढे ओढावयाच्या दोन मुठी, असे त्याचे ढोबळ स्वरूप असते.

नावापासूनच आरंभ करू. ‘एलिप्स’ म्हणजे लंबवर्तुळ; शास्त्रीय परिभाषेत विवृत्त. दोन खुंट्यांना सैल दोरा बांधून, तो पेन्सिलीने ताणून धरीत फिरवला की जी आकृती उमटते, ती ही. ग्रह सूर्याभोवती याच आकृतीत फिरतात, हे केप्लरने १६०९ साली प्रसिद्ध केले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मात्र ‘उणेपणा’, ‘कमी पडणे’ असा आहे. याच मुळापासून व्याकरणातली ‘एलिप्सिस’ ही संज्ञा आली. आपण तिला अध्याहार म्हणतो. वाक्यातला एखादा शब्द गाळलेला असतो, परंतु अर्थ पुरा करण्यासाठी वाचकाने तो मनात पुरवावयाचा असतो. हा व्युत्पत्तीचा योगायोग मला फार उद्बोधक वाटतो, कारण या यंत्रावरच्या चालण्यातही एक गोष्ट गाळलेली आहे. ती कोणती, आणि ती गाळल्याने काय साधते व काय राहून जाते, हे कळले की यंत्राचे सारे गुणदोष कळले.

आता रचना पाहू. पाऊल ज्यावर ठेवावयाचे त्या दांड्याचे एक टोक चाकाच्या भुजेला, म्हणजे क्रँकला, जोडलेले असते. ते वर्तुळात फिरते. दुसरे टोक एखाद्या रुळावर मागेपुढे सरकते, किंवा झोक्यासारखे हलते. एक टोक वर्तुळात आणि दुसरे जवळजवळ सरळ रेषेत, मग मधल्या बिंदूने काय करावे? तो दोहोंचा मध्य साधतो. समजा, भुजेची लांबी २० सेंटिमीटर आहे. म्हणजे फिरणारे टोक ४० सेंटिमीटर मागेपुढे आणि ४० सेंटिमीटर वरखाली जाते. सरकणारे टोकही ४० सेंटिमीटर मागेपुढे जाते, पण वरखाली मुळीच जात नाही. दांड्याच्या बरोबर मध्यावर पाऊल ठेवले, तर ते मागेपुढे जवळजवळ तेवढेच, पण वरखाली मात्र निम्मेच, म्हणजे २० सेंटिमीटर जाते. लांबट, बसके असे हे वर्तुळ म्हणजेच आपले लंबवर्तुळ. काटेकोर गणित केल्यास आकृती किंचित अंड्यासारखी येते; परंतु पावलाला तेवढा फरक जाणवत नाही. दोन्ही पायांच्या भुजा एकमेकींच्या विरुद्ध दिशांना बसविलेल्या असल्यामुळे एक पाऊल पुढे जाताना दुसरे मागे येते आणि चालीची लय आपोआप साधते.

जड चाकाचे काम ही लय अखंड राखण्याचे. एकदा फिरू लागले की ते आपल्या जडत्वाने फिरत राहते, त्यामुळे हिसके बसत नाहीत. परंतु नुसतेच सहज फिरणारे चाक काय कामाचे? श्रम व्हावयाचे तर त्याला कोणी तरी अडविले पाहिजे. हे काम बहुतेक यंत्रांत चुंबक करतो. फिरणाऱ्या धातूजवळ चुंबक आणला की धातूत भोवऱ्यासारखे विद्युत्प्रवाह उत्पन्न होतात आणि ते त्या गतीलाच विरोध करतात. चुंबक जवळ नेला की चाल जड होते, दूर नेला की हलकी होते. आणि कोठेही घासाघीस नसल्यामुळे झीज होत नाही. घरोघरी असलेल्या जुन्या वीजमीटरमधील ॲल्युमिनियमची फिरती चकती याच तत्त्वाने आवरली जात असे. १९५६ साली स्थापन झालेल्या हेवी इलेक्ट्रिकल्समध्ये, म्हणजे आजच्या भेलमध्ये, ज्यांनी उमेदीची वर्षे काढली, त्यांना हे भोवरा प्रवाह सांगावयास नकोत. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात ते वाढू नयेत म्हणून तेथे पातळ पत्र्यांचे थर रचतात. तेथे जे ऊर्जेचे नुकसान, तोच येथे व्यायाम!

आता गाळलेल्या गोष्टीकडे वळू. आपण चालतो तेव्हा प्रत्येक पावलाला टाच जमिनीवर आपटते आणि जमीन तितक्याच जोराने आपल्याला उलट ढकलते. साध्या चालीत हा जोर शरीराच्या वजनाहून थोडा अधिक असतो. धावताना तो वजनाच्या दोन ते तीन पट होतो. या यंत्रावर पाऊल पट्टीवरून उचललेच जात नाही, म्हणून ते आपटतही नाही. वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर सावकाश सरकत जाते. चाल आहे, श्रम आहेत, घाम आहे. आघात तेवढा अध्याहृत आहे. ज्यांच्या सांध्यांतील कूर्चा झिजली आहे, त्यांना हा केवढा दिलासा!

दुसरा लाभ हृदयाचा. बसून राहणारा माणूस आणि हालता राहणारा माणूस यांत काय अंतर पडते, याचा जेरेमी मॉरिस यांनी लंडनच्या बसगाड्यांत केलेला अभ्यास १९५३ साली प्रसिद्ध झाला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा दुमजली बसचे जिने चढउतार करणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकार कमी आढळला. आज आपल्या देशात मधुमेहींची संख्या १० कोटींवर गेल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला आहे; तेव्हा हा प्रश्न लंडनचा राहिलेला नाही. या यंत्रावर पाय, मांड्या, नितंब यांबरोबर मुठी ओढल्याने दंड, खांदे आणि पाठही कामाला लागते. तितक्याच नेटाने केल्यास हृदयाला होणारा व्यायाम ट्रेडमिलच्या तोडीचा असतो. शिवाय ट्रेडमिलचा पट्टा मोटार ओढते आणि माणसाला तिच्या गतीशी जुळवून घ्यावे लागते. येथे आपण थबकलो की यंत्रही थोड्याच वेळात थबकते. वृद्धाला ही मोकळीक मोलाची वाटते.

परंतु अध्याहृत शब्द वाचकाने पुरवावा लागतो, तसे येथेही आहे. हाडांना भार आणि थोडा धक्का मिळाला तरच ती बळकट राहतात. अवकाशात वजनरहित अवस्थेत राहणाऱ्यांच्या खुब्याच्या हाडांची घनता दरमहा एक टक्क्याहून अधिक घटू शकते. यंत्रावर आपण उभे असतो, त्यामुळे पोहणे किंवा सायकल यांपेक्षा हाडांवर भार अधिक पडतो, पण चालण्याइतका धक्का बसत नाही. दुसरे असे की पावलाचा मार्ग यंत्रानेच आखून दिलेला असल्याने तोल सावरण्याची सवय होत नाही. आणि म्हातारपणी घात होतो तो बहुधा तोल जाऊनच. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमांचा व्यायाम सुचविताना, पासष्टीपुढील मंडळींसाठी आठवड्यातून किमान तीन दिवस तोलाचे व शक्तीचे व्यायामही सांगितले आहेत.

आपल्या परंपरेला हे नवे नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभट देवधरांनी ज्या मल्लखांबाचे पुनरुज्जीवन केले, त्याला मध्य प्रदेशाने २०१३ साली राज्यक्रीडेचा मान दिला. परंतु केवळ मल्लखांबावर कोणताही आखाडा चालला नाही. जोडीला जोर होते, बैठका होत्या, करेल फिरविणे होते, कुस्ती होती. एका साधनात जे उणे, ते दुसऱ्यात भरून काढावयाचे, ही जुन्या वस्तादांची दृष्टी होती. आपणही तीच ठेवावी. यंत्रावरून उतरल्यावर हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठावे, भिंतीला बोट लावून क्षणभर एका पायावर उभे राहावे, आणि गुडघे जेवढे सोसतील तेवढे जमिनीवरही चालावे.

वापराविषयी थोडक्यात. आरंभी पाच मिनिटे पुरेत. दर आठवड्याला दोन-तीन मिनिटे वाढवावीत. पाठ ताठ असावी. मुठींवर रेलल्यास पायांचा व्यायाम बुडतो. बोलता येईल पण गाता येणार नाही, इतपत श्रम योग्य. पडद्यावर दिसणारा उष्मांकांचा आकडा अंदाजाचा असतो, त्यावर लाडू ठरवू नयेत. आघात नाही म्हणून गुडघ्याला कामच नाही असेही समजू नये. चुंबकाचा विरोध फार वाढविला तर मांडीच्या स्नायूंबरोबर गुडघ्यावरही ताण येतो. छातीत दुखणे, चक्कर किंवा असह्य दम जाणवला तर तत्काळ थांबावे; हृदयविकार असल्यास किंवा शस्त्रक्रिया झालेली असल्यास वैद्याला विचारूनच सुरुवात करावी. उद्यानांतील खुल्या व्यायामशाळांत जो लोंबता ‘एअर वॉकर’ असतो, त्याला अडविणारे चाक नसते. तो सांधे मोकळे करतो, पण दमश्वास वाढविण्याचे काम त्याच्याकडून फारसे होत नाही.

यंत्र विकत घ्यावे की व्यायामशाळेत जावे, हे ज्याने त्याने आपल्या खिशाप्रमाणे आणि घरातल्या जागेप्रमाणे ठरवावे. घेतलेले यंत्र कपडे वाळत घालण्याची दांडी होऊ नये, एवढीच विनंती. पुढील वर्षीच्या व्याख्यानाला सभागृहाच्या पायऱ्या आपण सर्वांनी आपापल्या पायांनी चढाव्यात, अशी मनःपूर्वक सदिच्छा व्यक्त करून आपली रजा घेतो.