चाळीतला कांदा का सडतो

आमच्या निफाडकडे उन्हाळ कांदा एप्रिलमध्ये चाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये पडतो आणि भाव बघत बघत दसरा-दिवाळीपर्यंत निघत राहतो. घरातली चाळ मी सांभाळते. बाहेरच्या माणसाला वाटतं, कांदा काढला, भरला, काम संपलं. पण कांदा चाळीतही जिवंत असतो. तो श्वास घेतो, साठवलेली साखर जाळतो आणि त्यातून उष्णता अन् वाफ बाहेर पडते. एका कांद्याची वाफ कळत नाही, शंभर क्विंटलच्या ढिगाची कळते. मधल्या थरात हात घातला की ऊब लागते. ही ऊब आणि ओल वाऱ्याने बाहेर नेलीच पाहिजे. म्हणून चाळीचा तळ जमिनीपासून दोन फूट वर, फटी ठेवून करायचा. रुंदी चार फूट, थर पाच फुटांच्या आत. एकपाखी, म्हणजे एकाच ओळीची चाळ दक्षिणोत्तर बांधली की पश्चिमेचा वारा आरपार जातो. रुंदी वाढवली तर बांधणीचा खर्च वाचतो, पण मधला कांदा जातो.

मे महिन्यात पत्रा तापतो, पारा चाळिशीला टेकतो, तरी सड फारशी दिसत नाही. वजन मात्र घटतं, कारण कांद्यात ८५ टक्क्यांहून जास्त पाणी असतं आणि कोरडी हवा ते ओढून घेते. बुरशीला नुसती ऊब पुरत नाही, ओलही लागते, आणि ती बाहेरच्या वाळलेल्या पापुद्र्यावर मिळत नाही.

पाऊस सुरू झाला की गणित उलटतं. हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर गेली आणि तापमान तिशीच्या आसपास राहिलं की काजळी धरते. कांदा हातात घेऊन वरचा पापुद्रा सोला. खाली शिरांच्या रेषेरेषेने काळी भुकटी दिसेल, बोटाला काजळासारखी लागेल. ही ॲस्परजिलस नायजर नावाची बुरशी. जिवाणूंची सड वेगळी. वरून कांदा चांगला दिसतो, पण मान दाबली की बोट आत जातं आणि घाण वासाचं पाणी येतं. ते पाणी गळत खालच्या कांद्यांना भिजवतं. चाळीच्या एका जागी माशा जमल्या की मी आधी तिथलेच कांदे उपसते.

जंतू बहुतेकदा शिरतात ते मानेतून किंवा जखमेतून. म्हणजे पावसाळ्यातली सड पुष्कळशी उन्हाळ्यातच ठरते. निम्म्या माना पडल्या की काढणी, त्याआधी दोन आठवडे पाणी बंद. उपटलेला कांदा पातीसकट तीन ते पाच दिवस वावरात, एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर. मग इंचभर मान ठेवून पात कापायची आणि सावलीत दहा-पंधरा दिवस पातळ ढीग. एवढ्यात मान सुकून मिटते. साठ दिवसांनंतर युरिया टाकलेल्या कांद्याची मान जाड राहते, ती मिटतच नाही. जाड मानेचा, जोड आणि डेंगळ्याचा (फुलाचा दांडा आलेला) कांदा आम्ही चाळीत घालत नाही, आधी विकतो. मजूर निघून जातील, अवकाळी येईल, ही भीती मला ठाऊक आहे. तरीही चाळीवर लाखाने खर्च करून सुकवणीचे पंधरा दिवस उरकून टाकलेले मला बघवत नाहीत.

ऑक्टोबरपासून रात्री गार होऊ लागतात आणि कोंब फुटतात. कांद्याची झोप संपलेली असते आणि दहा ते वीस अंश हे कोंबांना मानवणारं तापमान. ‘शीतगृहात का ठेवत नाही?’ असं शहरातले पाहुणे हमखास विचारतात. शून्य ते दोन अंश आणि ६५-७० टक्के आर्द्रता मिळाली तर कांदा महिनोन्‌महिने टिकतो. पण बाहेर काढला की गरम हवेतलं बाष्प थंड कांद्यावर पाणी होऊन बसतं आणि थांबलेले कोंब जोरात निघतात. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेलं विकिरण केंद्र आहे. तिथल्या गॅमा किरणांनी कोंबाची वाढ थांबते, मात्र कांदा झोपेत असतानाच ते द्यावे लागतात. सडीवर त्यांचा इलाज चालत नाही, तिला वारा आणि कोरडेपणाच लागतो.

घरीही हेच लागू आहे. बाजारातून आणलेला कांदा प्लास्टिकच्या पिशवीतून लगेच काढा, जाळीच्या टोपलीत पसरून ठेवा. फ्रिजमध्ये नको, तिथे ओल असते. बटाट्याची टोपली वेगळी असू द्या आणि दर दोन-चार दिवसांनी माना दाबून बघा.