ट्रान्सफॉर्मर किती केव्हीएचा? आधी मे महिन्यातली रात्र बघा

मे महिन्यात रात्री अकराच्या सुमारास हैदराबादमधल्या कुकटपल्लीच्या किंवा निझामपेटच्या एखाद्या गल्लीतून चालत गेलं, की अपार्टमेंटच्या कोपऱ्यातल्या जाळीमागून एकसुरी गुणगुण ऐकू येते. जवळ उभं राहिलं तर तेलाच्या टाकीची धग तोंडाला जाणवते. दिवसभर चाळीस-बेचाळीस अंशांत तापलेलं ते तेल रात्रीही निवत नाही, कारण वरच्या साठ घरांतले एसी नुकतेच सुरू झालेले असतात. महाराष्ट्रातून इथे आलेली मंडळी याला अजून ‘डीपी’च म्हणतात, इथला लाइनमन ‘डीटीआर’ म्हणतो. नाव काहीही असो, त्याची क्षमता ठरवताना मात्र दोन्हीकडे त्याच चुका होतात.

सगळ्यात जुनी चूक बेरजेची. उपकरणांच्या पाट्यांवरचे किलोवॅट मिळवायचे आणि तेवढ्या केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर मागवायचा. जीडीमेटल्यातला एखादा छोटा कारखाना डोळ्यांसमोर आणा. मशीन, कॉम्प्रेसर, दिवे, पंखे धरून जोडलेला भार १५० किलोवॅट. पण सगळं एका क्षणी पूर्ण ताकदीने कधीच चालत नाही. समजा, जास्तीत जास्त ६० टक्के एकदम चालतं. म्हणजे ९० किलोवॅट. आता दुसरी बाजू. मोटारींचा पॉवर फॅक्टर ०.८ असेल तर या ९० किलोवॅटसाठी ट्रान्सफॉर्मरमधून ११२ केव्हीएहून थोडा जास्त भार जातो. ट्रान्सफॉर्मरची कॉइल तापते ती प्रवाहाने, आणि त्या प्रवाहाचं किती काम झालं याचा कॉइलला पत्ता नसतो. म्हणूनच त्याची क्षमता किलोवॅटमध्ये न सांगता केव्हीएमध्ये सांगतात. कपॅसिटर बसवून पॉवर फॅक्टर ०.९५वर आणला, तर तेच काम ९५ केव्हीएत भागतं. पुढच्या दोन-चार मशीनसाठी जागा ठेवायची, तर १६० केव्हीए नीट बसतो. बाजारात क्षमता ठरलेल्या पायऱ्यांनीच मिळतात. आयएस ११८० या भारतीय मानकात १००, १६०, २००, २५०, ३१५ असे टप्पे आहेत. मधला आकडा मागून सहसा मिळत नाही.

इथे कोणीतरी हमखास म्हणतं, “मग ३१५चाच घ्या, निर्धास्त.” हा सल्ला मनापासून दिलेला असतो, म्हणून तो जास्त नडतो.

ट्रान्सफॉर्मरमध्ये दोन प्रकारे वीज वाया जाते. कॉपर लॉस, म्हणजे कॉइलमधला, भाराच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. भार ६० टक्क्यांवर असेल तर पूर्ण भाराच्या मानाने तो जेमतेम ३६ टक्के. आयर्न लॉस, म्हणजे गाभ्यातला, मात्र भार असो नसो, रविवार असो की दसरा, चोवीस तास चालूच असतो. मोठ्या गाभ्यामुळे तो १०० वॅटने वाढला, तर वर्षाला ८७६ युनिट वाढले. उच्चदाब ग्राहकाचा मीटर ११ केव्हीच्या बाजूला असेल, तर हे युनिट त्याच्याच बिलात येतात. शिवाय ट्रान्सफॉर्मर मोठा म्हणून वीज कंपनीकडे करारातली मागणीही मोठी लिहून देणारे आहेत. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे नीट समजून घ्या. तेलंगणात उच्चदाब ग्राहकाला करारातल्या मागणीच्या किमान ८० टक्क्यांवर डिमांड चार्ज भरावा लागतो, वापर झालेला असो वा नसो. ट्रान्सफॉर्मर थोडा सैल ठेवला तरी करार मोजूनच करावा.

पैशांपेक्षा गंभीर गोष्ट शॉर्टसर्किटची आहे, आणि तिच्याबद्दल फारच थोडे बोलतात. १६० केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरचा पूर्ण भाराचा प्रवाह ४३३ व्होल्टवर साधारण २१३ अँपिअर. त्याचा इम्पीडन्स ४.५ टक्के धरला, तर त्याच्या टोकाशी शॉर्ट झाल्यावर सुमारे पावणेपाच हजार अँपिअर वाहतात. त्याच जागी ६३० केव्हीए ठेवला तर हाच आकडा साडेअठरा हजारांच्या पुढे जातो. आता पॅनेल उघडा आणि एमसीबीवर छोट्या चौकटीत छापलेला आकडा वाचा. बहुतेक वेळा तिथे १०००० दिसेल. म्हणजे दहा हजार अँपिअरपर्यंतचाच शॉर्ट तो एमसीबी सुखरूप तोडू शकतो. मेन पॅनेलमधला असा एमसीबी पहिल्या ट्रान्सफॉर्मरखाली सुरक्षित होता. दुसऱ्याखाली तो फुटू शकतो. ट्रान्सफॉर्मर वाढवणाऱ्याने पॅनेलही तपासलंच पाहिजे.

“मोटार सुरू होताना सहापट प्रवाह घेते, म्हणून ट्रान्सफॉर्मर सहापट हवा,” हेही ऐकू येतं. तीस हॉर्सपॉवरची मोटार थेट सुरू केली, तर ४० अँपिअरच्या जागी साधारण २४० अँपिअर घेते, ते खरं. पण ते काही सेकंदच, आणि तेवढ्याने तेल तापत नाही. त्रास होतो तो व्होल्टेजचा: १०० केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरवर व्होल्टेज क्षणभर आठ टक्क्यांच्या आसपास खाली बसतो आणि दिवे मंदावतात. यावर उपाय स्टार्टरचा आहे. स्टार-डेल्टा लावला की लाइनमधून घेतलेला सुरुवातीचा प्रवाह एक-तृतीयांशावर येतो.

आता पुन्हा त्या अपार्टमेंटकडे. साठ घरं, प्रत्येकी पाच किलोवॅट, एकूण ३००. “सगळे एकदम थोडेच वापरतात, निम्मे धरा, १६० केव्हीए पुरे.” डिसेंबरात हा हिशेब बरोबर ठरतो. मे महिन्यातल्या रात्री अकराला मात्र सगळे खरोखरच एकदम वापरतात. घरटी एक एसी दीड किलोवॅटचा, म्हणजे ९०. निम्म्या घरांत दुसराही चालू, म्हणजे आणखी ४५. फ्रिज-पंखे-टीव्ही घरटी चारशे वॅट धरले तर २४. लिफ्ट आणि पंपाचे २०. झाले जवळपास १८० किलोवॅट, म्हणजे ०.९ पॉवर फॅक्टरने २०० केव्हीए. १६०चा ट्रान्सफॉर्मर सव्वापट भाराखाली. आणि हे होतं तेही बाहेरची हवाच गरम असताना. कॉइलचा सर्वांत तप्त बिंदू ९८ अंशांच्या वर गेला, की त्यावरच्या दर सहा अंशांमागे कागदाच्या इन्सुलेशनचं आयुष्य दुप्पट वेगाने झिजतं. ट्रान्सफॉर्मर त्या रात्री जळत नाही. तो काही वर्षांनी जळतो, आणि तेव्हा सगळे पावसाला दोष देतात.

२५० केव्हीए इथे ठीक बसतो, पण तळघरात चार्जिंगला लागलेल्या गाड्यांकडे बघा. वीस गाड्या ३.३ किलोवॅटने एकाच वेळी चार्ज झाल्या तर ६६ किलोवॅट वाढले, भार २६० केव्हीएच्या पुढे गेला. मग ३१५ घ्या, किंवा सोसायटीने ठरवून गाड्या रात्री एकनंतर चार्जिंगला लावा. दुसरा मार्ग फुकट आहे, म्हणून आधी तोच करून पाहावा असं मला वाटतं.

इन्व्हर्टर एसी, यूपीएस आणि एलईडी दिव्यांच्या ड्रायव्हरमुळे प्रवाहाची लाट वेडीवाकडी होते आणि त्याच अँपिअरला ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो. हायटेक सिटीतल्या कार्यालयांसारखा भार असेल, तर हे सल्लागाराला आधीच सांगा आणि न्यूट्रल बारीक ठेवू देऊ नका.

नवा ट्रान्सफॉर्मर मागवण्याआधी आणखी एक काम करा. वायरमनला रात्री अकराला पॅनेलपाशी बोलवा आणि टाँग टेस्टरने तिन्ही फेज मोजून वहीत लिहायला सांगा. समजा, १६० केव्हीएवर आर फेजला २४०, वायला १५० आणि बीला १४० अँपिअर निघाले. सरासरी १७७, म्हणजे ८३ टक्के. कागदावर सारं आलबेल. पण आर फेजची कॉइल २१३ची मर्यादा ओलांडून बसली आहे. अशा वेळी मोठा ट्रान्सफॉर्मर लागत नाही. दुसऱ्या दिवशी वीज बंद ठेवून आर फेजवरची काही घरं वाय आणि बीवर हलवायची, आणि त्याच रात्री अकराला पुन्हा मोजायचं.