पावसाळ्यात पाय सांभाळा

अंधेरी सबवे तुंबला की चपला हातात धरून पाणी तुडवणारी माणसं दिसतात. चप्पल पायात हवी ती नेमकी तेव्हाच! २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि पाठोपाठ मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. उंदीर, कुत्री, गुरं यांच्या लघवीतले या रोगाचे जंतू साचलेल्या पाण्यातून टाचेच्या भेगेतून, खरचटलेल्या बोटातून अंगात शिरतात. अशा पाण्यातून चालावं लागलं तर पाय साबणाने धुवा आणि ७२ तासांच्या आत डॉक्टरांना गाठून प्रतिबंधक गोळीबद्दल विचारा. महापालिकेच्या दवाखान्यात ती मिळते.

रोजचा त्रास मात्र चिखल्यांचा. भिजलेले मोजे, बंद बूट आणि बोरिवलीपासून चर्चगेटपर्यंतचा दमट प्रवास. करंगळीशेजारच्या बेचकीत कातडी पांढरी पडते, सोलते, खाज सुटते. हे बुरशीचं काम. बेचक्या कोरड्या पुसा, मोजे रोज बदला. केमिस्टकडून स्वतःच आणलेलं स्टेरॉइड-मिश्रित मलम खाज थांबवतं, पण बुरशी पोसतं. ते टाळाच.

मुलांचे बूट ‘वाढत्या अंगाचे’ नकोत, आखूडही नकोत. नखं सरळ कापा, कोपरे कोरू नका.

मधुमेह असलेल्या आजी-आजोबांना खडा रुतलेलाही अनेकदा कळत नाही. त्यांचे तळवे घरातल्या कुणीतरी रोज उजेडात पाहावेत. कुरूप ब्लेडने कापू देऊ नये, आणि जखम दिसली की त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावं.