सिएटलहून : वाफ्यांवरची इर्जिक

इथला पाऊस ऑक्टोबरात धरतो तो एप्रिल उजाडला तरी पुरता सरत नाही. तरीही माउंट बेकर वस्तीतल्या ब्रॅडनर गार्डन्स पार्कमध्ये शनिवारी सकाळी भुरभुर अंगावर घेत माणसं जमली होती. हातात फावडी, खुरपी, दाताळी. वसंतातल्या सामूहिक कामाचा हा दिवस. आपल्याकडच्या इर्जिकीत एकाच्या शेतावर सगळे राबतात; इथं राबायचं ते कुणाच्याच नसलेल्या, म्हणजे सगळ्यांच्या जागेवर.

शहरातल्या अशा भाजीबागांना 'पी-पॅच' म्हणतात. पिकार्डो नावाच्या शेतकरी कुटुंबाच्या जमिनीवर शेजाऱ्यापाजाऱ्यांनी भाजी लावायला घेतली आणि 1973 मध्ये महापालिकेनं ती योजना आपली मानली. आज जवळपास 90 बागा आहेत. वाफ्याला वर्षाची माफक फी असते, पण खरी अट श्रमदानाची : वर्षाकाठी किमान 8 तास सामाईक कामाला द्यायचे. स्वतःच्या वाफ्यातलं तण काढलं तर ते त्यात धरत नाहीत. रासायनिक खतं-औषधं चालत नाहीत आणि वाफ्यातली भाजी विकताही येत नाही. जास्तीची भाजी गरजूंना मोफत धान्य देणाऱ्या फूड बँकांकडे जाते, दर वर्षी हजारो किलो.

माझ्या वाट्याला कुंपणाकडेची हरणखुरी आली. आपल्या गव्हाच्या शेतात पसरते तीच वेल. वरून ओढली की हातात फक्त पाला येतो. माझ्या शेजारी मिएन समाजातल्या एक आजी बसल्या होत्या. लाओसच्या डोंगरांतून युद्धामुळे परागंदा झालेला हा समाज. या बागेत त्यांचे बरेच वाफे आहेत. आजींना इंग्रजी फारसं येत नाही. त्यांनी माझं खुरपं बाजूला सारलं, काट्याच्या फावड्यानं माती खालून सैल केली आणि दोरीसारखं पांढरं मूळ न तोडता वीतभर, मग हातभर बाहेर काढलं. बोटभर तुकडा राहिला तरी वेल पुन्हा फुटते, म्हणून त्यांनी माती चाळून बारीक तुकडेही बादलीत टाकले. तासाभरात आम्ही जेमतेम दोन पावलं पुढे सरकलो. पलीकडे एकचाकी गाड्यांतून लाकडाच्या ढलप्या येत होत्या आणि पायवाटांवर पसरल्या जात होत्या. वाफ्यांत ऑक्टोबरात लावलेला लसूण गुडघ्यापर्यंत आला आहे. वाटाणा वर चढतो आहे. थंडी मानवत असल्यानं आपली मेथी आणि कोथिंबीरही मजेत आहे. टोमॅटोला मात्र मे महिन्यापर्यंत हात लावायचा नाही. रात्री अजून गार आहेत.

टेकडीवरच्या या बागेतून शहराच्या मध्यवस्तीतले टॉवर दिसतात. जागेची किंमत काय असेल, वेगळं सांगायला नको. नव्वदच्या दशकात महापालिकेनंच ती घरबांधणीसाठी विकायची ठरवली होती. रहिवाशांनी निव्वळ निषेध केला नाही. त्यांनी शहरभर सह्या गोळा करून कायद्याचा मसुदाच पुढे ठेवला, आणि 1997 मध्ये नगर परिषदेला तो स्वीकारावा लागला. उद्यानाची जमीन दुसऱ्या कामाला काढायची तर त्याच भागात तितकीच, तशीच जमीन आधी किंवा त्याच वेळी द्यायची, असं त्यात आहे. हे संरक्षण शहरातल्या सगळ्या उद्यानांना मिळालं. पुण्या-मुंबईत आरक्षण उठलेले भूखंड पाहिलेल्या वाचकांना या कलमाचं मोल कळेल. मला तर अमेरिकेत पाहिलेल्या भल्याभल्या इमारतींपेक्षा ते मोठं वाटतं.

मात्र बागा पुरत नाहीत. काही वस्त्यांत वाफ्यासाठी वर्षानुवर्षं थांबावं लागतं. शनिवारी आलेल्यांतही अजून वाफा न मिळालेलं एक जोडपं होतं. दुपारी काम थांबलं तेव्हा सूत्रधार बाईंनी त्यांना बाकल्याच्या कोवळ्या शेंड्यांची जुडी दिली आणि मे महिन्यातल्या कामाच्या यादीत त्यांची नावं लिहून घेतली.