जवाहिऱ्याचे घर, राष्ट्राचा ठेवा

मुंबईच्या ग्रँट रोड स्थानकापासून थोडे चालत गेले की गावदेवीतील लॅबर्नम मार्गावर एक जुने दुमजली घर दिसते. त्याचे नाव मणिभवन. गांधीजींचे स्मारक व संग्रहालय म्हणून ही वास्तू आज जगाला ज्ञात आहे. परंतु मुळात ती रेवाशंकर जगजीवन झवेरी या जवाहिऱ्यांची होती, आणि त्यांच्या पेढीशी जैन समाजाचे एक निकटचे नाते आहे, हे पुष्कळांच्या ध्यानी नसते.

१८९१ साली बॅरिस्टर होऊन गांधीजी मुंबईस परतले, त्याच दिवशी डॉ. प्राणजीवन मेहता यांच्या घरी त्यांची श्रीमद् राजचंद्रांशी भेट झाली. श्रीमद् हे डॉक्टरांच्या वडील बंधूंचे जावई आणि रेवाशंकरभाईंच्या जवाहिऱ्याच्या पेढीतील भागीदार. हिरे-मोत्यांची पारख करणारा हा तरुण सौद्याचे बोलणे संपताच धर्मग्रंथ अथवा आपली रोजनिशी उघडून बसे, असे गांधीजींनी आत्मकथेत नमूद केले आहे. व्यापार आणि आत्मचिंतन एकाच गादीवर नांदू शकतात, याचा प्रत्यय त्यांना तेथे आला. १९०१ मध्ये श्रीमदांचे देहावसान झाले, पण त्या घराण्याशी जडलेला गांधीजींचा स्नेह अखंड राहिला. १९१७ ते १९३४ या काळात मुंबईत आले की त्यांचा मुक्काम बहुधा मणिभवनातच असे.

१९१९ च्या आरंभी गांधीजी शस्त्रक्रियेनंतर क्षीण झाले होते. दुधावाचून प्रकृती सुधारणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. गाई-म्हशींवर होणारे क्रूर प्रयोग ऐकून गांधीजींनी दूध वर्ज्य केले होते. अंथरुणाजवळ उभ्या असलेल्या कस्तुरबांनी सुचविले, मग बकरीच्या दुधाला काय हरकत? गांधीजींनी ते मान्य केले. मात्र प्रतिज्ञेचा शब्द पाळला गेला तरी तिचा आत्मा दुखावला, ही खंत त्यांनी आयुष्यभर बाळगली. प्रत्याख्यानाचे महत्त्व जाणणाऱ्या आपल्या वाचकांना ही बोच समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

याच आजारपणात त्यांच्या खोलीत चरख्याची घरघर सुरू झाली. घरावरून एक पिंजारी रोज जाई. त्याला वर बोलावून पेळू करून देण्यास सांगितले, तेव्हा त्याने भारी दर मागितला आणि गांधीजींनी तो दिलाही. ते सूत पवित्रा एकादशीच्या माळांसाठी वैष्णव मित्रांनी विकत घेतले.

पुढे याच वास्तूने मोठ्या घडामोडी पाहिल्या. नोव्हेंबर १९२१ मध्ये मुंबईत दंगल उसळली, तेव्हा शांततेसाठी गांधीजींनी येथे उपवास केला. ४ जानेवारी १९३२ रोजी, सोमवारी, त्यांच्या मौनाच्या दिवशी, पहाटेच्या अंधारात गच्चीवरील तंबूतून पोलिसांनी त्यांना अटक करून नेले. सरकारच्या डोळ्यांत खुपणाऱ्या पाहुण्याला इतकी वर्षे आश्रय देणे ही व्यापारी कुटुंबासाठी केवढी जोखीम होती, याची कल्पना करता येईल.

१९५५ मध्ये गांधी स्मारक निधीने हे घर स्मारक म्हणून हाती घेतले. आज तेथे हजारो ग्रंथांचे ग्रंथालय, छायाचित्रांचे दालन आणि गांधीजींच्या जीवनातील प्रसंगांच्या लहान प्रतिकृती आहेत. परंतु पाय खिळतात ते दुसऱ्या मजल्यावरील त्यांच्या खोलीपाशी. गादी, बैठे मेज, चरखे, बस्स. १९५९ मध्ये भारतात आलेले मार्टिन ल्यूथर किंग हॉटेल सोडून येथेच रात्रभर राहिले. साध्या खोलीचे सामर्थ्य याहून वेगळे कसे सांगावे?

मणिभवन पाहून परतताना मनात एक प्रश्न उरतो. गावोगावच्या आपल्या जुन्या पेढ्या, वाडे आज एकामागून एक पाडले जात आहेत. दिवाळीत ज्या चोपड्यांचे आपण भक्तिभावाने पूजन करतो, तेच चोपडे पुढच्या पिढीत रद्दीत जातात. आजोबांची तागडी, वजने, लाकडी गल्ला आणि मोडीतील खतावण्या भंगाराच्या भावाने निघतात. त्या वस्तूंबरोबर गावाच्या बाजारपेठेचा, पिकांच्या भावांचा, दुष्काळात दिलेल्या उधारीचा आणि दानधर्माचा इतिहासही जातो.

प्रत्येक घराचे संग्रहालय होणार नाही, व्हावे असेही नाही. परंतु वास्तू पाडण्यापूर्वी तिची छायाचित्रे घ्यावीत. जुन्या वह्या अभ्यासकांना दाखवाव्यात. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून प्रत्येक वस्तूला नाव व साल लिहिलेली चिठ्ठी जोडावी. शक्य असेल तेथे गावातील धर्मशाळेची अथवा पाठशाळेची एखादी खोली या ठेव्यासाठी राखावी. अपरिग्रहाचा अर्थ वस्तू टाकून देणे एवढाच नाही. तिच्यावरील आपली मालकी सोडून ती सर्वांची करणे, हाही आहे. रेवाशंकरभाईंच्या घराने हेच शिकविले आहे.