कागदी कपातलं प्लॅस्टिक

लातूरच्या गंजगोलाईत चहाला उभा राहिलो की मी काचेचा ग्लास मागतो. गेल्या काही वर्षांत त्यावर एकच उत्तर मिळतं, “कागदाचाच हाय की सर, मातीत जातंय मिसळून.” नांदेडला वजिराबादेत हेच ऐकायला मिळतं. शेजारचं गिऱ्हाईक भर घालतं, “उष्ट्या गिलासापरीस बरंच की. अन् पाणी बी वाचतंय.” शिकलेली, एरवी प्रत्येक गोष्टीची शहानिशा करणारी माणसंही हे इतक्या खात्रीनं सांगतात की आता एकदा सविस्तर लिहायलाच हवं.

वापरलेला कागदी कप घरी आणा आणि रात्रभर कोमट पाण्यात भिजत ठेवा. सकाळी बाहेरचा कागद बोटांनी चोळा. तो लगदा होऊन सुटतो आणि हातात कपाच्याच आकाराची एक पातळ, पारदर्शक पिशवी उरते. ती बहुतेक वेळा पॉलिथिलीनची असते, म्हणजे आपल्या कॅरीबॅगच्याच जातीची. ती नसती तर चहा ओतल्यावर दोन मिनिटांत कप मऊ पडला असता. साधा कागद उकळता चहा धरू शकत नाही, हे आपल्याला वहीच्या पानावर चहा सांडला की कळतं. कपाच्या बाबतीत मात्र आपण ते विसरतो.

आयआयटी खरगपूरच्या सुधा गोयल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2020 मध्ये हे कप तपासले. 85 ते 90 अंशांचं गरम पाणी कपात ओतून 15 मिनिटं ठेवलं. 100 मिलिलिटर पाण्यात प्लॅस्टिकचे सुमारे 25,000 सूक्ष्म कण सापडले. आपला हाफ चहा त्याहून थोडा असतो आणि पाच मिनिटांत संपतो, त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा आपल्या कपाला लावता येणार नाही. पण अस्तर गरम पेयात झिजतं, एवढं त्यातून स्पष्ट होतं.

हेच संशोधन दुसऱ्या टोकाला नेऊन मोबाइलवर भीती पसरवणारेही आहेत. ‘कपातलं मेण आतड्याला चिकटतं’, ‘रोजच्या एका कपानं कॅन्सर होतो’ असले संदेश मला महिन्यातून दोनदा तरी येतात. गरम चहाच्या कपात मेण नसतं, कारण ते चहाच्या उष्णतेनं लगेच वितळेल. आणि हे कण शरीरात जाऊन नेमकं काय करतात, यावरचं संशोधन अजून चालू आहे. कागदी कपानं कॅन्सर होतो, असं कुणीही सिद्ध केलेलं नाही. कप टाळायला आज हाताशी असलेली कारणं पुरेशी आहेत, त्यासाठी खोटी भीती घालायची गरज नाही.

आता ‘मातीत मिसळतो’चं बघू. कागद आणि अस्तर एकमेकांना इतके घट्ट चिकटलेले असतात की ते वेगळे करायला खास यंत्रणा लागते. म्हणूनच वर्तमानपत्राच्या रद्दीला किलोवर भाव देणारा आपला भंगारवाला चहाच्या कपांना हात लावत नाही. कपाला किंमत नाही म्हणून तो उचलला जात नाही. मग तो नालीत जातो, नांदेडला नालीतून गोदावरीत जातो, नाहीतर सकाळी झाडलोट झाल्यावर रस्त्याच्या कडेला पेटवला जातो. चहासाखरेच्या वासानं जनावरं ते कप चघळतात, हे तर कुणालाही रोज दिसतं. सरकारलाही हे ठाऊक आहे. जुलै 2022 मध्ये राज्य सरकारनं प्लॅस्टिकचं अस्तर असलेल्या कागदी कप-प्लेटही बंदीच्या यादीत घातल्या. कपावर ‘इको’ लिहून हिरवं पान छापलं म्हणून त्यातलं पॉलिथिलीन कमी होत नाही.

पण खरा वाद पाण्याचा आहे. लातूरकराशी तो वाद घालताना आवाज चढवता येत नाही, कारण 2016 चा दुष्काळ आपण सगळ्यांनी भोगला आहे. लातूरला पाणी देणारं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. 12 एप्रिलला पहाटे मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली, तिच्या दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होतं. पुढे अशा शंभराहून जास्त फेऱ्या झाल्या. घागरीसाठी रात्र जागणाऱ्या गावात चहावाल्यानं ग्लास विसळायला पाणी कुठून आणायचं? त्या उन्हाळ्यात कुणी कागदी कप वापरला असेल, तर त्याला मी कधीच दोष देणार नाही.

त्याच वर्षीच्या पावसात मांजरा भरली. ‘कपानं पाणी वाचतं’ हे वाक्य मात्र मागे राहिलं, आणि ते आता भर पावसाळ्यातही तोंडावर फेकलं जातं. म्हणून जरा हिशेब करू. मी घरी मोजून पाहिलं. साबणानं घासलेला चहाचा ग्लास बारीक धारेखाली विसळायला साधारण पाव लिटर पाणी लागलं. कागदी कप एवढंच वाचवतो, आणि लगदा-कागद बनवायला कारखान्यात लागलेलं पाणी त्यातून वजा करावं लागेल ते वेगळंच.

आता ग्लासातल्या चहाकडे बघा. नेदरलँड्सच्या ट्वेन्टे विद्यापीठातल्या आर्येन हूकस्ट्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या शेतमालाला लागणारं पाणी मोजलं. त्यांची जागतिक सरासरी अशी : उसाच्या एका किलो साखरेला सुमारे 1,780 लिटर, आणि एक लिटर दुधाला सुमारे हजार लिटर. दुधाचं बरंचसं पाणी चाऱ्याला मिळालेल्या पावसाचं असतं, हे खरं. पण साखरेचं गणित आपल्या दाराशी आहे. पाच ग्रॅमचा एक चमचा साखर म्हणजे जवळपास नऊ लिटर पाणी, म्हणजे छत्तीस ग्लास विसळून होतील इतकं. आणि हे पाणी कुठल्या परक्या देशातलं नाही. मांजरेच्या पट्ट्यात ऊस पावसावर येत नाही, विहिरी, बोअर आणि कालव्यावर येतो. ज्या पाण्यासाठी मिरजेहून रेल्वे आणावी लागली, तेच पाणी त्या चमच्यात आहे. चहात साखर एक चमचा कमी घातली तर जे वाचतं, त्याच्या आसपासही कागदी कप पोचत नाही. उसाच्या फडाबद्दल अवाक्षर न काढता ग्लास विसळणाऱ्या पोराला पाणी जपायचं शिकवणं मला अन्यायाचं वाटतं.

राहिला प्रश्न उष्ट्या ग्लासाचा. तिथे गिऱ्हाइकाची तक्रार रास्त आहे. एकाच बादलीत सकाळपासून शंभर ग्लास बुचकळले तर ते पाणी दुपारी बघवत नाही. त्यावर इलाज मात्र सोपा आहे : साबणानं घासायचं, दुसऱ्या स्वच्छ पाण्यात विसळायचं आणि शेवटी चहाच्या चुलीवरचंच उकळतं पाणी फिरवायचं. ‘गर्दीत हे जमत नाही’ असं म्हणणाऱ्यांनी नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये एकदा बसावं. तिथे यात्रेकरूंची रीघ कधी तुटत नाही. जेवण स्टीलच्या भांड्यांत होतं आणि सेवेला आलेली माणसं ती भांडी घासतात. तिथे जमतं ते चार बाकड्यांच्या हॉटेलात जमू नये असं मला वाटत नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात घेतो.

दुकानात, कचेरीत चहा मागवला की तो पातळ कॅरीबॅगमध्ये गाठ मारून येतो आणि सोबत कागदी कप येतात. ‘दोन मिनिटांत तर पोचतो, काय होतंय’ हे खरं नाही. उकळता चहा थेट प्लॅस्टिकमध्ये ओतणं ही सगळ्यांत वाईट तऱ्हा आहे. किटली किंवा थर्मास ठेवावा.

कुल्हड मातीचा, म्हणून मातीत जातो? भाजलेली माती पुन्हा माती होत नाही. लातूरपासून जवळच असलेल्या तेरला लामतुरे संग्रहालयात सातवाहन काळातली, दोन हजार वर्षांपूर्वीची खापरं आजही शाबूत आहेत. कुल्हडानं विष होत नाही, पण एकदा पिऊन फोडण्यासाठी सुपीक माती आणि भट्टीचं जळण खर्ची पडतं.

गुळाचा चहा शुगरला चालतो, ही पाटी वाचली की मला खरोखर काळजी वाटते. गुळाचा बहुतांश भाग साखरच असतो. थोडं लोह आणि क्षार जास्त असतात, पण एका कपातल्या गुळात ते नगण्य. मधुमेह असलेल्यानं गूळही साखरेसारखाच मोजावा.

कॉफी उष्ण, छातीला वाईट, तिनं कॅन्सर होतो, हेही ऐकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 1991 मध्ये कॉफीला संशयितांत धरलं होतं आणि जून 2016 मध्ये पुरावा अपुरा म्हणून त्या यादीतून काढलं. त्याच वेळी तिनं इशारा दिला तो 65 अंशांहून गरम, जीभ भाजणाऱ्या कुठल्याही पेयाबद्दल, कारण त्यानं अन्ननलिकेला धोका संभवतो. चुलीवरून उतरल्या उतरल्या फुरका मारणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. आणि आपल्याकडे घरोघरी कॉफी म्हणजे पेलाभर दुधात चमचाभर पूड, त्यामुळे तिचा पर्यावरणावरचा भार बहुतेक दुधाचाच असतो.

शेवटचा गैरसमज जेवणावर चहा घेतला की पचतं हा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 च्या आहार-मार्गदर्शिकेत जेवणाआधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळायला सांगितलं आहे. दिवसाचं कॅफिन 300 मिलिग्रॅमच्या आत ठेवावं, हेही तिथेच आहे. चहातले टॅनिन जेवणातलं लोह अडवतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. तरी गावोगाव लोहाची गोळी चहाच्या घोटाबरोबर घेतली जाते, कारण हातात तोच असतो. गोळी पाण्याबरोबर घ्यायची, जमलं तर त्यात लिंबू पिळायचं, आणि चहा त्यानंतर तासाभरानं.