हरवलेला मोबाईल : अल्प खर्चाचा मार्ग

सुट्टीत अंधेरी, बोरिवली वा घाटकोपरला जाणाऱ्या शिक्षकाचा मोबाईल लोकलच्या गर्दीत नाहीसा झाला, तर यंत्राच्या किमतीहून बँकखात्याचा धोका मोठा असतो. म्हणून प्रथम सिमकार्ड व बँकेचे मोबाईल-व्यवहार बंद करवावेत. मग पोलिसांकडे, चोरी गाडीत झाली असल्यास लोहमार्ग पोलिसांकडे, तक्रार नोंदवून प्रत घ्यावी. जुन्याच क्रमांकाचे सिमकार्ड अल्प शुल्कात पुन्हा मिळते.

प्रत्येक मोबाईलला १५ अंकी आयएमईआय क्रमांक असतो. शासनाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर तो व तक्रारीची प्रत दिली असता हरवलेले यंत्र देशात कोठेही दूरध्वनीसेवेवर चालत नाही. या व्यवस्थेचा आरंभ महाराष्ट्रात २०१९ साली झाला. २०२३ पासून ती सर्व देशास खुली आहे.

नवा मोबाईल परवडत नसल्यास वापरलेला घेण्यास हरकत नाही. मात्र पैसे देण्यापूर्वी इंग्रजीत ‘केवायएम’ ही अक्षरे व पुढे त्या यंत्राचा आयएमईआय क्रमांक लिहून १४४२२ वर संदेश पाठवावा, पडताळणी करावी व पावती घ्यावी.

आपल्या यंत्रावर *#०६# दाबले की हा क्रमांक दिसतो. शिक्षकबंधुभगिनींनी तो आजच वहीत उतरवून ठेवावा. मोबाईल गेल्यावर तो पाहण्याची सोयही त्याच्याबरोबर जाते.